शाळेची झाडं आणि मे महिना

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात. त्यामुळे शाळेचा पर्यावरण दिन बहुधा दोनदा होतो. एकदा ५ तारखेला, गावात असतील ते दोन-चार शिक्षक मिळून, फोटोपुरता. आणि नंतर पोरं आल्यावर, पहिला बरा पाऊस झाला की. पुण्या-कोल्हापूरकडे या दहा दिवसांच्या फरकानं काही बिघडत नसेल. जळगाव-धुळ्याकडे मात्र शाळेचं वेळापत्रक आणि झाडाचं वेळापत्रक यांचं जमत नाही, ही सगळ्या प्रश्नाची मूळ अडचण आहे. झाड लावायचं जुलैत. ते मरतं मे महिन्यात. आणि मे महिन्यात शाळेला कुलूप असतं.

शाळेची पर्यावरणाशी बांधिलकी हा विषय आता सर्वत्र आहे: संस्थांच्या माहितीपत्रकांत, शाळेच्या भिंतींवरच्या घोषणांत, मूल्यांकनाच्या गुणपत्रकांत. खानदेशात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यात बरंच काही झालं आहे आणि ते सगळंच दिखाऊ नाही. पण त्याचा हिशेब कुठल्या तारखेला मांडायचा, यावर उत्तर बदलतं. ऑगस्टमध्ये मांडला तर जवळजवळ प्रत्येक शाळा हिरवी निघते. हा हिशेब मेच्या तिसऱ्या आठवड्यात मांडावा असं माझं मत आहे, आणि पुढचं सगळं त्या नजरेनं लिहिलं आहे.

सुरुवात न्यायालयापासून करावी लागते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा २००३ मध्ये राज्यांना पुन्हा समज द्यावी लागली. आज महाराष्ट्रात प्राथमिकला परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ आणि अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’. कागदावर ही मांडणी चांगली आहे. वर्गात मात्र हा श्रेणीचा विषय, म्हणजे टक्केवारीत न धरला जाणारा. तो ज्या शिक्षकाच्या तासिका कमी पडतात त्याच्या वाट्याला जातो. प्रकल्पाच्या वह्या एकाच्या दुसऱ्यानं उतरवलेल्या असतात, मुखपृष्ठावर पृथ्वीला आधार देणारे दोन हात. रावेर आणि यावल हे भूजलाच्या बाबतीत अतिशोषित म्हणून नोंदले गेलेले तालुके. तिथल्या पोराच्या घरची केळी बोअरवर उभी असते, बोअर आणखी किती फूट खाली न्यायचा यावर घरात जेवताना बोलणं चालतं, आणि प्रकल्पात हा बोअर बहुतेक वेळा कुठेच नसतो. पोरानं फक्त आपल्या बोअरची खोली, कुठल्या साली किती फूट, एवढं जरी वडिलांना विचारून लिहून आणलं तरी वर्गातल्या चाळीस वह्यांतून गावाचा भूजल-इतिहास तयार होईल. यासाठी निधी लागत नाही.

अभ्यासक्रमाच्या जोडीला मोहिमा आल्या. २००१-०२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं राष्ट्रीय हरित सेना सुरू केली. महाराष्ट्रात ती सामाजिक वनीकरण विभागाकडे आली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या निवडक शाळांत इको-क्लब निघाले. मग वृक्षलागवडीचे मोठे आकडे आले: २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. या प्रत्येक आकड्यात शाळांचा वाटा होता आणि प्रत्येक मुख्याध्यापकाला उद्दिष्ट होतं. त्यातली किती जगली यावरून पुढे एवढा वाद झाला की २०२१ मध्ये विधिमंडळाची चौकशी समिती नेमावी लागली. २ ऑक्टोबर २०२० ला ‘माझी वसुंधरा’ आलं, २०२२ मध्ये पीएम श्री योजनेनं निवडक शाळा ‘हरित शाळा’ करायचं ठरवलं, २०२४ ला ‘एक पेड माँ के नाम’. मोहिमेगणिक नाव बदललं, कामाची पद्धत एकच राहिली: शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप येतो की आज सायंकाळी पाचपर्यंत लिंक भरावी. लिंकवर रोपासह फोटो चढवायचा. पुढच्या मेमध्ये त्याच रोपाचा फोटो मागणारी लिंक आली, असं सांगणारा शिक्षक मला अजून भेटायचा आहे.

आता ते रोपच जवळून बघू. जुलैत वनविभागाच्या रोपवाटिकेतून पिशवीतली रोपं येतात. कडुनिंब, करंज, आवळा, शेवगा, कधी चिंच. सोबत गुलमोहर आणि सप्तपर्णी असतातच. पोरं दीड फुटाचा खड्डा घेतात. शाळेची जागा बहुधा गावानं दिलेली, म्हणजे शेतीला निकामी अशी मुरमाड, त्यामुळे फूटभर खाली पहार खणखणते. पिशवी फाडून रोप बसवतात, आळं करतात. बकऱ्यांसाठी बाभळीच्या काट्या रोवून कुंपण होतं. आमदार निधीतली लोखंडी जाळी मिळाली तर ती नंतर रिकामी उभी राहते, आत फक्त गवत आणि देणाऱ्याच्या नावाची पाटी. ऑगस्ट-सप्टेंबरात रोप तरारतं. दिवाळीपर्यंत जमिनीत ओल असते. जानेवारीत पोरं डब्याचं पाणी घालतात. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते, बारानंतर आवारात कुणी नसतं, आणि एप्रिलच्या मध्यापासून पारा ४२-४३ वर जातो. मेमध्ये जळगाव-भुसावळकडे ४५ आणि त्याहून वर. ज्या रोपानं नऊ महिने काढले त्याला नेमके हे पंचेचाळीस दिवस काढायचे असतात, आणि नेमके तेच शाळेच्या सुट्टीचे दिवस असतात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा आळ्यात एक काडी उरलेली असते. त्याच आळ्यात नवं रोप बसतं, कारण खड्डा तयार असतो. काही शाळांत एकाच खड्ड्यात चार-चार वर्षं लागवड झाली आहे आणि ती चारही वेळा स्वतंत्र मोजली गेली आहे.

हे पाण्याअभावी होतं असं म्हणायची पद्धत आहे. हिशेब करून बघितला तर ते अर्धंच खरं निघतं. पन्नास रोपं धरा. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा दहा लिटर दिलं तर दीड महिन्यात साधारण तेरा पाळ्या होतात: साडेसहा हजार लिटर. एका मध्यम टँकरपेक्षा कमी. आता शाळेचं छप्पर बघा. दोन खोल्या आणि व्हरांडा मिळून शंभर चौरस मीटर सहज भरतं. जळगाव जिल्ह्यात सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुळ्यात त्याहून कमी, शिंदखेड्याकडे पाचशेच्या आसपास. सहाशे धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी त्या छपरावरून वर्षाला ४८ हजार लिटर पाणी ओघळून जातं. ते सगळं साठवायला पैसा नाही हे मान्य, पण त्यातलं सातवा हिस्साभर साठवलं किंवा शाळेच्या बंद पडलेल्या हापशाच्या बोअरमध्ये गाळून सोडलं तरी काम होतं. शालेय पोषण आहाराची ताटं धुतलेलं पाणी रोज वेगळं. ज्या शाळांनी हात धुण्याच्या नळांखालून एक चर काढून परसबागेत नेला आहे तिथे पालक, मेथी, गिलके, शेवगा यांना वेगळं पाणी लागत नाही आणि खिचडीत हिरवं काहीतरी पडतं. परसबाग हा त्या मानानं मला सगळ्यात प्रामाणिक उपक्रम वाटतो, कारण ती चार महिन्यांत निकाल देते आणि तो निकाल पोराच्या ताटात दिसतो. पण तीही एप्रिलमध्ये उपटली जाते. म्हणजे अडचण पाण्यापेक्षा माणसाची आहे. सुट्टीत पाणी घालणारा कोण? जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना शिपाईच नाही.

जिथे माणूस आहे, पाणी आहे आणि पैसा आहे, तिथे काय होऊ शकतं याचा नमुना जळगावातच आहे. भवरलाल जैन यांनी २००७ मध्ये शिरसोली रस्त्यावर अनुभूती ही निवासी शाळा सुरू केली. सुमारे शंभर एकरांचं आवार, मागे जैन इरिगेशनची ठिबकची सगळी विद्या, शेजारी एकेकाळी बोडक्या असलेल्या आणि पाणी अडवून, झाडं लावून हिरव्या केलेल्या टेकड्या. ठिबक जळगावातूनच देशभर पोचलं. त्यामुळे या शाळेतल्या मुलांना पाण्याचं काटकसरीचं तंत्र पुस्तकातून शिकावं लागत नाही, ते पायाखालीच असतं. गिरणेपलीकडे, बांभोरीच्या माळावर, विद्यापीठाचंही असंच. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं (आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव, पण तोंडात अजून ‘उमवि’), तेव्हा तो साडेसहाशे एकरांचा उजाड डोंगरउतार होता. आज महामार्गावरून जातानाही तिथली झाडी दिसते. दोन्ही उदाहरणं खरी आणि अभिमानाची आहेत. मात्र दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे जी विसरून चालत नाही: ही आवारं मे महिन्यात रिकामी नसतात. पगारी माळी असतो, मोटार चालू असते, ठिबक तपासणारा असतो. जैन परिवारानं पुढे जळगाव शहरात गरीब घरांतल्या मुलांसाठी अनुभूतीचीच दुसरी शाळा काढली. शंभर एकर आणि शहरातलं आवार यांत जमीन-अस्मानाचा फरक असणारच, आणि हरित शाळा म्हणजे नेमकं काय हा प्रश्न त्या फरकातच उघडा पडतो. आवार मोठं असेल तरच शाळा हिरवी ठरत असेल, तर खानदेशातल्या नव्वद टक्के शाळांनी नादच सोडावा.

म्हणून मला शाळेचं कुंपण ओलांडून बघावंसं वाटतं. पर्यावरणाच्या बाबतीत धुळे जिल्ह्याकडे जे आहे ते भल्या भल्या जिल्ह्यांकडे नाही, आणि शाळा त्याच्या शेजारी बसून दुसरीकडचे धडे गिरवतात.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा घ्या. कोकणा आदिवासींचं छोटं गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आसपासचं जंगल संपलं होतं, बाया पाण्यासाठी वणवण करत होत्या. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी, वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीनं, सुमारे अकराशे एकर जंगल राखायचं ठरवलं. कुऱ्हाडबंदी केली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला, राखणदार नेमले. जंगल परत आलं, विहिरींना पाणी आलं. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा पुरस्कार मिळाला, २००४ पासून वनभाज्यांचा महोत्सव भरतो, आणि २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. या गावाच्या दंडाच्या नियमांत शाळाही होती: पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड आणि दांडी मारणाऱ्या मास्तरांनाही दंड. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जंगल आणि शाळा एकाच गावसभेनं, एकाच वहीत आणि एकाच पद्धतीनं राखली. झाड लावण्यापेक्षा उगवलेलं राखणं हा तिथला मार्ग होता, आणि खानदेशच्या माळाला तो जास्त मानवतो. लळिंगच्या बाजूची कुरणं, सातपुड्याच्या पायथ्याची झुडपी रानं ही मुळात ‘ओसाड’ नव्हेत. तिथे गवत, बोर, बाभूळ, हिवर, पळस यांचंच राज्य असायचं. मेहरूणच्या बोरांनी जळगावचं नाव फळबागांच्या पुस्तकांत नेलं. कितीतरी शाळांच्या आवारात बोराचं एक झाड नसतं, काटे लागतात म्हणून, गुलमोहर असतो.

दुसरं उदाहरण शिरपूरचं. भूजल सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून, तेव्हाचे आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळावर, नाले रुंद आणि खोल केले, वरचा पाणी न मुरू देणारा थर काढून टाकला आणि ठरावीक अंतरावर बिनदाराचे सिमेंट बंधारे घातले. विहिरी भरल्या, ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झालं. त्याच्या सर्वत्र नकला कराव्यात का यावर भूजलतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते असायला हवेत: एकाच्या खोल नाल्यात थांबलेलं पाणी खालच्याच्या वाट्याचं नव्हतं का, खडक बदलला तर काय, बेसुमार खोलीकरणानं काय होतं. पण हा वाद दहावीच्या वर्गात घेण्यासारखा आहे. भूगोलातला ‘सच्छिद्र खडक’ शिरपूरच्या मुलाला सायकलवर जाऊन बघता येतो.

तिसरं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात विसरलेलं. पांझरा नदीवरची फड पद्धत काही शतकं चालत आलेली आहे. नदीत ठिकठिकाणी दगडी बंधारा, पाटानं पाणी, गावची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, फडाफडांत पिकं फिरवायची. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, वर हवालदार. प्रत्येक फडात जवळपास प्रत्येकाचा तुकडा असल्यानं टंचाईत कुठला फड पडीक ठेवायचा हे ठरलं की तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा. १८८४ मध्ये मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं एक सुरुवातीचं काम याच भागातलं, दातर्तीजवळ पांझरेवरचा सायफन. पुढे दख्खनच्या कालव्यांवर पाळीपाळीच्या पाण्याची जी पद्धत त्यांनी मांडली तिच्यात फडाचा अंश दिसतो. शाश्वत विकास म्हणजे काय हे सांगायला शिक्षकाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही, आणि बंधारा बहुतेक वेळा शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो. सहल मात्र सापुताऱ्याला जाते.

इमारतींबद्दल थोडं. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा नंदलाल बोसांनी सगळं नगर बांबू आणि स्थानिक साहित्यातून उभं केलं होतं. त्याच मुलखात आज सत्तर-ऐंशी पोरांच्या डोक्यावर एप्रिलमध्ये पत्रा असतो. खानदेशी धाब्याचं घर, जाड मातीच्या भिंती आणि लाकडावर मातीचा थर, दुपारी आत बसवतं. त्याच गावातली सिमेंटच्या स्लॅबची किंवा पत्र्याची शाळा बसवत नाही. धाबं परत आणा असं कुणी म्हणणार नाही. दर पावसाळ्यापूर्वी माती टाकायला माणूस कुठून आणणार? पण छपराला पांढरा चुना मारणं, पश्चिमेच्या भिंतीशी करंजाची रांग लावणं, खिडक्या समोरासमोर ठेवणं यांना फारसा खर्च नाही. शहरातल्या नामांकित संस्था तर उलट्या दिशेनं निघाल्या आहेत. स्कूलबस उभ्या राहाव्यात म्हणून मैदानावर पेव्हर ब्लॉक, मुळ्या ब्लॉक उचलतात म्हणून जुना कडुनिंब तोडलेला, आणि प्रवेशद्वारावर फ्लेक्स: ‘झाडे लावा, झाडे जगवा’. फ्लेक्स प्लॅस्टिकचा.

उन्हाळ्याचं सरकारी गणितही इथे चुकतं. विदर्भात ऊन कडक म्हणून तिथल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात; खानदेश नाशिक विभागात मोडतो म्हणून इथल्या मध्यावर. खानदेशातल्या बोदवडची शाळा भरलेली असते तेव्हा पलीकडे विदर्भातल्या मलकापूरची बंद असते. ऊन मधल्या हद्दीवर थांबत नाही. हवामानबदलाचा धडा शिकवणाऱ्या यंत्रणेनं शाळेचं कॅलेंडर तापमानावरून ठरवायला हरकत नसावी.

विजेची कथा वेगळी. २०१६-१७ च्या सुमारास धुळे जिल्हा परिषदेच्या अकराशेवर शाळा डिजिटल झाल्या, लोकवर्गणीच्या मोठ्या आधारानं. असा तो राज्यातला पहिला जिल्हा म्हणून गाजला. पडदा, प्रोजेक्टर आले आणि पाठोपाठ बिल आलं. बिल थकलं की महावितरणचा माणूस वायर कापून जातो, हे राज्यभर अनेक झेडपीच्या शाळांनी अनुभवलं आहे. ज्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ पासून आहे आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, तिथल्या शाळेनं विजेसाठी वर्गणी काढावी हे विचित्र आहे. छपरावर दोन-तीन किलोवॉटचं पॅनेल ही इथे पर्यावरणाची हौस नाही, शाळा चालू ठेवायची गरज आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तयार होणारी वीज तर थेट पाण्याच्या मोटारीला जोडता येते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुरस्काराच्या अर्जात येत नाही. गावची मराठी शाळा काही न करता आधीच बऱ्यापैकी पर्यावरणस्नेही असते. पोरं चालत येतात. वातानुकूलन नाही. जेवण गावातच शिजतं. पऱ्हाट्यांवर शिजत असेल तर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, तिथे गॅस हवाच. डिझेलच्या बसमधून वीस-पंचवीस किलोमीटरवरून मुलं आणणारी, सौरदिवे लावलेली शाळा हिरवी आणि ही मागासलेली, अशी आपली मोजदाद आहे. पुस्तकांचंही तसंच. मोठ्या भावंडाची पुस्तकं धाकट्यानं वापरायची हा घरोघरचा रिवाज होता, सरकारनंही मध्यंतरी जुनी पुस्तकं परत करण्याचं आवाहन केलं. मग २०२३-२४ पासून दप्तराचं ओझं कमी करायला बालभारतीनं पुस्तकांचे चार भाग केले आणि त्यांतच वहीची कोरी पानं घातली. पानं लिहून भरली की पुस्तक पुढच्या पोराला निरुपयोगी. पुढे ती योजना मागे घेतली गेली, ते बरं झालं.

कचऱ्याबाबत फार लिहिण्यासारखं नाही. मार्च २०१८ ची राज्याची प्लॅस्टिकबंदी आणि जुलै २०२२ ची केंद्राची, दोन्हींनंतरही मैदानाच्या कोपऱ्यात कुरकुऱ्यांची पाकिटं जळतात. शाडूच्या गणपतीची कार्यशाळा, फटाके न वाजवण्याची शपथ, बियांचे गोळे हे सगळं चालू आहे आणि चालू द्यावं. शाळा झाडण्याचा मुद्दा मात्र नाजूक आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, हे आपण कौतुकानं सांगतो. आज पोराच्या हातात झाडू दिला की बातमी होते. ती तक्रार सरसकट खोटी म्हणू नये, कारण झाडू कुणाच्या हातात दिला जातो आणि कुणाच्या नाही, हे गावाला माहीत असतं. पाळीचा तक्ता भिंतीवर असेल आणि त्यात मास्तरांचंही नाव असेल तर वाद उरत नाही.

जगात या सगळ्याची पद्धतशीर चौकट १९९४ पासून ‘इको-स्कूल्स’ या नावानं चालते. आपल्याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं शाळांसाठी पाणी, वीज, कचरा, हवा, जमीन, अन्न यांची तपासणी मुलांकडूनच करवून घेणारा कार्यक्रम घडवला. त्याचा गाभा एवढाच की घोषणा न लिहिता आकडे लिहायचे: महिन्याला किती पाणी, किती युनिट, किती झाडं. खानदेशासाठी त्यात मी एक रकाना वाढवीन, ‘१५ मेला जिवंत झाडं’. लागवडीच्या आकड्याला बक्षीस देणं बंद करून या रकान्याला दिलं तर शाळा पन्नासऐवजी पाच रोपं लावतील. तेच हवं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधायला गावात एक चांगला निंब लागतो, पाचशे काड्या लागत नाहीत.

पैशाचं काय, हा प्रश्न शेवटी येतोच. ‘समग्र शिक्षा’ योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पट तीसच्या आत असेल तर वर्षाला दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार. त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता. त्यातून माळी ठेवता येणार नाही हे उघड आहे. पण ग्रामपंचायतीकडे रोजगार हमी आहे, आणि तिच्यात ‘बिहार पॅटर्न’ म्हणून ओळखली जाणारी लागवडीची पद्धत आहे: साधारण दोनशे झाडांचा गट काही मजूर कुटुंबांकडे तीन वर्षं सोपवायचा, विधवा, वृद्ध, दिव्यांग यांना प्राधान्य द्यायचं, आणि मजुरी जगलेल्या झाडांशी जोडायची. रस्त्याकडेच्या झाडांसाठी ती वापरली गेली. शाळेचं आवार, स्मशानभूमी, पंचायतीची जागा आणि शाळेचा रस्ता मिळून दोनशेचा गट लहान गावातही भरतो. सुट्टीत शाळेला माणूस मिळतो, गावातल्या एखाद्या विधवा बाईला उन्हाळ्यात रोजगार मिळतो.

यासाठी लागणारा ठराव कधी करायचा तेही ठरलेलं आहे. १ मेला सकाळी शाळेत झेंडावंदन होतं, पोरांच्या हातात निकाल पडतात आणि सुट्टी लागते. त्याच दिवशी ग्रामसभा असते. मुख्याध्यापक, सरपंच, ग्रामसेवक, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, सगळे त्या सकाळी शाळेच्याच ओट्यावर असतात. ठरावात फार काही लिहायचं नाही: पाणी कुठल्या बोअरचं, हजेरीपट कुणाच्या नावानं, आणि १५ जूनपर्यंत मोटारीच्या खोलीची किल्ली कुणाकडे.